रोमन दिवा ओळखायचा तर आधी एक पणती नीट जाळून बघा

लंडन असो, रोम असो की अथेन्स, पुराणवस्तूंच्या संग्रहालयात एक कपाट हमखास भेटतं. काचेआड ओळीने मांडलेले वीस-पंचवीस मातीचे दिवे, सगळे तळहाताएवढे, सगळे विटकरी-तपकिरी. माणसं त्यापुढे क्षणभर थांबतात, ‘अरे, पणत्या!’ म्हणतात आणि संगमरवरी पुतळ्यांकडे वळतात. मीही कैक वर्षं तसाच वळत आलो. मग कधीतरी रोमन दिव्याची एक नक्कल घरी आणली आणि हौसेनं पेटवायला बसलो. आठ वेळा विझली. नवव्या काडीला कुठे जमलं, आणि तेव्हा लक्षात आलं की त्या कपाटातलं प्रत्येक भोक आणि प्रत्येक खाच कुणाच्या तरी असल्याच वैतागातून निघालेली आहे.

म्हणून इथे क्रम थोडा उलटा ठेवलाय. आधी हात तेलकट करायचे, मग संग्रहालयात जायचं. सामान फार लागत नाही: साध्या मातीच्या दोन पणत्या, तिळाचं तेल, थोडं ऑलिव्ह तेल, कापसाच्या लांब वाती, दोन बशा आणि एक दाभण. फुलवात नको, ती तुपाच्या निरांजनात शोभते.

पहिली पायरी: दोन पणत्या, दोन तेलं

पणत्या रंगवलेल्या घेऊ नका. आदल्या रात्री त्या पाण्यात बुडवून ठेवा. हे आजीला सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं. भाजलेली माती सच्छिद्र असते. कोरडी पणती आधी स्वतः पोटभर तेल पिते आणि उरलं तर वातीला देते. मी पहिल्या खेपेला हे टाळलं होतं. सकाळी सागवानी टेबलावर पणतीच्या बुडाएवढं तेलकट वर्तुळ उमटलं होतं. ते आजही तिथे आहे आणि घरात त्याचा उल्लेखही अधूनमधून होतो. भिजवून काढलेली पणती वरून कोरडी पुसून घ्या, नाहीतर तेलात पाणी राहून वात तडतडते. आणि खाली बशी ठेवाच.

प्राचीन कुंभारांनी या झिरपण्यावर आपला उपाय काढला होता. दिवा भाजण्याआधी तो अगदी बारीक मातीच्या पातळ राबडीत बुडवायचा. अथेन्सच्या दिव्यांवरची काळी चकाकी किंवा रोमन दिव्यांवरचा लालसर लेप दिसायला सुरेख आहेच, पण त्यानं तेल बाहेर पाझरणंही कमी होत असे.

एका पणतीत तिळाचं तेल घाला, दुसरीत ऑलिव्हचं. ऑलिव्ह तेल स्वस्तातलं घ्या. सॅलडवर घालायचं महागडं तेल जाळण्यात काही अर्थ नाही. जुन्या काळीही चांगलं तेल खाण्याला आणि अंगाला, गाळसाळ दिव्याला, असाच रिवाज होता. देवाघरचा दिवा तेवढा वेगळा: बायबलच्या जुन्या करारात देवाच्या निवासमंडपातल्या दिव्यासाठी कुटून काढलेलं शुद्ध ऑलिव्ह तेलच आणावं अशी आज्ञा आहे. बाबिलोनियाकडे, म्हणजे आजच्या इराकात, मात्र तिळाचं राज्य होतं. तिथले लोक तिळाखेरीज दुसरं तेल वापरत नाहीत, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं इ.स.पू. पाचव्या शतकात लिहून ठेवलंय. इजिप्तच्या दलदलीकडचे लोक एरंडेल जाळत आणि त्याला वाईट वास येतो, ही तक्रारही त्याचीच. ज्यांनी लहानपणी एरंडेल घेतलंय त्यांना याचा पुरावा मागायची गरज नाही.

आता वात. तेलात पूर्ण भिजवा आणि चोचीतून तांदळाच्या दाण्याएवढीच बाहेर ठेवा. बोटभर बाहेर काढलीत तर ज्योत मोठी दिसते खरी, पण धूर होतो आणि तेल भसाभस जातं. अथेन्सच्या अरिस्तोफानिसचं ‘मेघ’ नावाचं विनोदी नाटक इ.स.पू. ४२३ मध्ये झालं. त्याच्या सुरुवातीलाच कर्जानं झोप उडालेला म्हातारा मध्यरात्री हिशेबाची वही बघायला दिवा लावायला सांगतो. नोकर म्हणतो, तेल संपलं. म्हातारा त्याच्यावर उखडतो: हा दारुड्या दिवा कशाला लावलास, आणि त्यात जाडी वात कशाला घातलीस! दोन हजार चारशे वर्षांपूर्वीचा हा संवाद कुठल्याही काटकसरी घरातला वाटतो. तुम्हीही एका पणतीत बारीक आणि दुसरीत दुप्पट जाड वात घालून अर्धा तास बघा. म्हाताऱ्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही.

आकडा हवा असेल तर बारीक वातीला ताशी साधारण पाच ते सात मिलिलिटर तेल लागतं, म्हणजे एक चमचा. तुमची वात, तुमचं तेल, तुमचा वारा यांनी तो बदलेल. बाटलीच्या झाकणानं मोजून घाला आणि वेळ लिहून ठेवा.

आपल्याकडची वात कापसाची. भूमध्य समुद्राच्या काठी ती बहुतेक जवसाच्या झाडाच्या धाग्याची, म्हणजे लिननची असे. जुन्या फाटक्या कपड्यांच्या चिंध्याही चालत. जुनी लिननची ओढणी किंवा रुमाल असेल तर एक पट्टी फाडून पिळून बघा. कापसापेक्षा सावकाश पेटते, पण टिकते. वातीच्या टोकाला काजळीचा गोळा धरला की दाभणानं झाडा. रोमन कवी व्हर्जिल सांगतो की रात्री सूत कातणाऱ्या पोरींनाही वादळाची चाहूल लागते, कारण दिव्यात तेल चिटचिटतं आणि वातीवर अळंबीसारखी बुरशी फुगते. दमट हवेत वात खरंच कुरकुरते. आमच्याकडे जुलैत तर हमखास.

तासाभरानं शेवटची गोष्ट पाहा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. पणतीत तेल अजून शिल्लक असतं, तरी ज्योत लहान होत जाते. खाद्यतेल घट्ट असतं, ते वातीतून फार उंच चढू शकत नाही. तेलाची पातळी ज्योतीपासून जरा खाली गेली की वात उपाशी. कंदिलाची टाकी खाली आणि ज्योत वर असू शकते, कारण रॉकेल पातळ असतं. तिळाच्या किंवा ऑलिव्हच्या तेलाला ते जमत नाही. म्हणून जगभरचे प्राचीन दिवे बसके, पसरट आणि उथळ. उंच सुरईसारखा मातीचा दिवा दिसला तर आधी शंका घ्या.

आणि एक ताकीद. मातीच्या दिव्यात रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट काहीही घालायचं नाही. खाद्यतेलात जळती काडी टाकली तर ती सहसा विझते. रॉकेलच्या वाफा पेट घेतात. लोंबती ओढणी, नायलॉनचा पडदा आणि लहान मुलं लांब, जवळ वाटीभर वाळू. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच नाही.

दुसरी पायरी: भरलेली पणती घेऊन घरभर चाला

विझवलेलीच घ्या, काठोकाठ तेल भरा आणि बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन या. सांडेल. सांडू दे, तेच बघायचंय.

आपल्या पणतीला एका बाजूला चिमटा काढून चोच केलेली असते. पॅलेस्टाइन, सीरिया, जॉर्डन या पट्ट्यात कांस्ययुगापासून अगदी हाच दिवा आहे: चाकावर केलेली वाटी, ओली असताना काठ चिमटलेला. इ.स.पू. २३००च्या आसपास तिथे चार कोपरे चिमटलेले, चार वातींचे दिवे होते. मग एका चोचीचा आला, आणि पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत त्याचे काठ हळूहळू आत वळत गेले. लेबननच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियनांनी आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या लोकांनी ते इतके दुमडले की एका दिव्याला दोन चोची झाल्या, वरून बघितलं तर तिकोनी टोपीच वाटावी. कुणी कुणाकडून घेतलं हे शोधण्यात फारसा अर्थ नाही. ओल्या वाटीचा काठ चिमटण्याची कल्पना कोणाच्याही बोटांना सुचेल.

काठ आत का वळले याचं उत्तर तुमच्या फरशीवर सांडलंय. ग्रीक कुंभारांनी इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकापासून हेच पुढे नेलं. काठ आत घेतला, चोचीवर मातीचा पूल टाकला, आणि वातीला स्वतंत्र भोक मिळालं. दिवा आता उघडी वाटी राहिला नाही, झाकलेली डबी झाला. तेल कमी सांडतं, कचरा कमी पडतो आणि उंदरांचीही थोडी गैरसोय होते. शेवटचं मी गमतीनं म्हणत नाही. बेडूक आणि उंदरांच्या लढाईवर एक विनोदी ग्रीक काव्य आहे. त्यात अथेना देवी उंदरांची बाजू घ्यायला साफ नकार देते, कारण ते तेलासाठी तिचे दिवे आणि हार नासवतात.

यानंतरची मोठी उडी इ.स.पू. तिसऱ्या शतकातली: चाक सोडून साचा. दिवा वरचा आणि खालचा अशा दोन अर्ध्या भागांत दाबून काढायचा आणि जोडायचा. आता चित्र उमटवणं फुकट झालं, आणि कुशल कुंभाराशिवायही शेकड्यांनी दिवे निघू लागले. रोमन दिव्याची सगळी कहाणी या साच्यात आहे.

तिसरी पायरी: कपाटासमोर उभं राहून काय बघायचं

चित्राकडे शेवटी बघा. नवखा माणूस आधी चित्र बघतो, ग्लॅडिएटर आहे की कुत्रा आहे एवढं ओळखतो आणि निघतो. मी सुचवतो तो क्रम असा: चोच, भोकं, सांधा, बूड, मग चित्र.

चोचीच्या टोकाला काळं आहे का? असेल तर दिवा वापरलेला. स्वच्छ असेल तर तो थडग्यात किंवा देवळात अर्पण केलेला असू शकतो, दुकानातला न विकलेलाही. पाँपेईत अगदी असंच एक खोकं सापडलं: गॉलहून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडून आलेले लाल चकाकीचे नव्वद वाडगे आणि त्यांच्यासोबत तिसावर दिवे. माल पोचला, खोकं उघडायला वेळ मिळाला नाही. इ.स. ७९ मध्ये शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि गाव राखेखाली गाडलं गेलं.

चोचीचा आकार हे वय सांगणारं सर्वांत सोपं लक्षण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन दिव्यांच्या चोचीला दोन्ही बाजूंनी गोगलगाईसारख्या वेलांट्या असतात. त्या शतकाच्या शेवटाकडे चोच आखूड आणि गोल होत जाते, वेलांट्या गळतात. यहुदियातले, म्हणजे जेरुसलेमच्या आसपासचे, पहिल्या शतकाचे दिवे वेगळेच. अंग चाकावरचं, त्यावर चोच वेगळी चिकटवून चाकूनं तासलेली, टोकाला फावड्यासारखी पसरलेली, आणि नक्षी जवळजवळ नाहीच. बाजूबाजूला ठेवले तर हे दोन प्रकार लहान मूलही वेगळे काढेल.

मग भोकं मोजा. मधलं तेल घालायचं, टोकाचं वातीचं. कित्येक रोमन दिव्यांना यांच्या मध्ये, चोचीच्या मुळाशी, आणखी एक बारीक भोक किंवा चीर असते. आठ काड्या वाया घालवल्यावर मला कळलेलं गुपित ते हेच. मी भोकात गच्च बसेल अशी जाड वात कोंबली होती. तेल वर चढेना, हवा आत जाईना, आणि जळून आखूड झालेली वात पुढे ढकलायला जागाच नव्हती. त्या चिरेतून सुई घालून वात पुढे सरकवता येते आणि आत हवाही जाते. कधीकधी अशी कांस्याची सुई दिव्याबरोबरच सापडते. तेव्हापासून माझा नियम: भोकाच्या अर्ध्या जाडीचीच वात.

उलट, पॅलेस्टाइनमधल्या शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातल्या दिव्यांत तेलाचं भोक मुळात पाडलेलंच नसे. मधली तबकडी बंद. गिऱ्हाइकानं घरी नेऊन ती स्वतः फोडायची. संग्रहालयात मध्यभागी वेडंवाकडं फुटलेला असा दिवा दिसला तर हळहळू नका, तो तुटलेला नाही, वापरायला काढलेला आहे.

कडेनं बघा म्हणजे दोन भागांचा सांधा दिसेल, बहुधा बोटानं किंवा चाकूनं पुसलेला. पृष्ठभागावर बारीक मोत्यांसारखे दाणे असतील तर साचा प्लास्टरचा होता: प्लास्टरमध्ये हवेचे बुडबुडे राहतात, त्या खळग्यांत माती शिरते आणि दिव्यावर पुटकुळ्या येतात. मातीच्या साच्यातून असं होत नाही. एवढीशी पुटकुळी बघून कारखान्याच्या आत डोकावता येतं, याची मला अजूनही मजा वाटते.

आता बूड. काचेतून ते दिसत नाही ही खरी अडचण. ब्रिटिश संग्रहालय आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांचे संग्रह इंटरनेटवर फुकट बघता येतात आणि बऱ्याच दिव्यांचे बुडाकडून काढलेले फोटोही त्यात असतात. घरबसल्या सराव तिथे करा. बुडावर नाव असेल तर लॅटिनमध्ये ते बहुधा षष्ठीत असतं: अमक्याचा, म्हणजे अमक्याच्या कारखान्याचा.

यातलं सर्वांत गाजलेलं नाव फोर्तिस. इ.स. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत साधे, चित्र जवळजवळ नसलेले, दणकट दिवे निघू लागले, बुडावर ठसठशीत उठावाच्या अक्षरांत मालकाचं नाव. जर्मन अभ्यासक त्यांना ‘फिर्मालाम्पेन’, कंपनीचे दिवे म्हणतात. स्विट्झर्लंडमधल्या विंदोनिसा या रोमन छावणीतल्या दिव्यांची वर्गवारी सिगफ्रीड लोएश्के यांनी १९१९ साली केली. तिच्यातले नववा आणि दहावा प्रकार हेच. त्यांचे आकडे आजही संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर दिसतात. फोर्तिसचे दिवे ब्रिटनपासून डॅन्यूब नदीपर्यंत सापडतात. मूळ कारखाना मोदेना शहराच्या बाजूचा असावा असं मानलं जायचं, आणि २००८ साली तिथेच प्राचीन कचऱ्याच्या ढिगात फोर्तिसचे आणि शेजारच्या इतर कारखान्यांच्या नावाचे दिवे मिळाले.

पण एवढ्या मोठ्या मुलुखात सापडलेले सगळे फोर्तिस मोदेनाचे नाहीत. दुसऱ्या गावच्या कुंभारानं बाजारातून एक दिवा आणायचा, त्याच्यावरून साचा काढायचा, आणि नावासकट धंदा सुरू. पकडायचं कसं? माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, मातीप्रमाणे कमी-जास्त, धरून चालू दहा टक्के. दहा सेंटीमीटरच्या दिव्याची नक्कल नऊची, तिची नक्कल आठच्या जरा वर, तिचीही काढली तर सव्वासातच्या आसपास. शिवाय प्रत्येक पिढीत अक्षरं बोथट होतात. म्हणून दोन सारखेच दिवे शेजारी दिसले तर मापं बघा; लहान आणि गुळगुळीत झालेला तो बहुधा नातू.

उत्तर आफ्रिकेचे, मुख्यतः ट्युनिशियाचे, चौथ्या ते सहाव्या शतकातले लाल दिवे लांबट, आणि तबकडीवर बरेचदा ख्रिस्ताचं चिन्ह किंवा यहुद्यांची सात फाट्यांची समई. इजिप्तच्या रोमन काळातल्या दिव्यांवर बरेचदा फुगीर बेडूक बसलेला असतो. एवढं ओळखता आलं तरी पहिल्या भेटीला पुष्कळ झालं.

आणि मग चित्र. देव, ग्लॅडिएटर, जनावरं, जहाजं, शृंगार, सगळं आहे. मला आवडतो तो नववर्षाचा दिवा: पंख पसरलेली विजयादेवी, तिच्या हातातल्या ढालीवर ‘नवं वर्ष शुभ आणि सुखाचं जावो’ अशा अर्थाचा लॅटिन मजकूर, आणि भोवती नाणी, खजूर, अंजीर. जानेवारीच्या भेटीत खरोखर देत असत त्याच वस्तू. मिठाईच्या पुड्यावर मिठाईचं चित्र, तसंच.

भारतात रोमन दिव्यांचं असं कपाट सहज गाठ पडत नाही. पण दिवा बघायची नजर तयार करायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय उत्तम. तिथले दिवे बहुतेक धातूचे, म्हणून साच्याचे प्रश्न वेगळे. पण तेल कुठे, वात कुठे, सांडलेलं तेल जातं कुठे, हे तीन प्रश्न समईला आणि लामणदिव्यालाही विचारता येतात.

चौथी पायरी: एक संध्याकाळ फक्त दिव्यावर

खोलीतले सगळे दिवे बंद, मोबाइल उलटा. एका वातीचा प्रकाश एका मेणबत्तीइतका धरा, बहुधा थोडा कमीच. हातभरावर वर्तमानपत्र धरलं तर मथळे दिसतात, बातमी नाही. अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो; म्हणून माणूस दिव्यावर वाकतो आणि केस जाळून घेतो. दिवा जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, मग कपाटावर, मग पांढऱ्या भिंतीला टेकून. खोली दर वेळी वेगळी दिसेल. पाँपेईत उंच सडपातळ कांस्याच्या दिवठाणी सापडतात त्या याचसाठी, आणि आपल्या जुन्या वाड्यांत भिंतीत देवळी असते तीही याचसाठी.

उजेड हा तेव्हा मोजूनमापून खर्च करायचा माल होता. इजिप्तमध्ये राजांच्या दरीतली थडगी कोरणारे कारागीर देर अल-मदीना या वस्तीत राहत. डोंगराच्या पोटात काम, त्यामुळे वाती सरकारी कोठारातून मोजून मिळत आणि किती दिल्या याचे हिशेब खापरांवर आणि दगडाच्या कपच्यांवर लिहून ठेवत. ते तुकडे आज संग्रहालयांत आहेत. रोमच्या रस्त्यांवर रात्री मिट्ट काळोख असे. कवी जुवेनाल सांगतो, श्रीमंत मशालवाले घेऊन जातो आणि मला चंद्र सोबत करतो, नाहीतर जिची वात मी जपून जपून पुरवतो ती एवढीशी मेणबत्ती. चौथ्या शतकात मात्र सीरियातल्या अंतियोखियाचे रस्ते रात्री दिवसासारखे उजळतात, असं अम्मियानुस मार्सेलिनुस या इतिहासकारानं नोंदवलंय. किती तेल जळत असेल, याचा अंदाज तुम्ही आता चमच्यांत करू शकता.

याच संध्याकाळी करून बघण्यासारखी एक गंमत. हेरोडोटस नाईल नदीच्या मुखाकडच्या साइस गावच्या दिव्यांच्या उत्सवाचं वर्णन करतो: बशीसारखे पसरट दिवे, त्यांत मीठ आणि तेल, वर तरंगती वात, घराभोवती उघड्यावर रात्रभर जळणारे. जे साइसला जाऊ शकत नाहीत ते आपापल्या घरी त्याच रात्री दिवे लावतात, त्यामुळे उजळतो तो सगळा इजिप्त. मीठ कशाला, याचं कारण तो देत नाही. पणतीच्या तळाशी दोन चमचे मीठ घालून वर तेल ओतून बघा. जागा मिठानं अडवल्यामुळे थोडक्या तेलातही पातळी वर राहते आणि वात उपाशी पडत नाही, असा माझा तरी अनुभव.

पाचवी पायरी: साच्यातून आपला दिवा

हे ऐच्छिक, आणि दोन-तीन आठवड्यांचं काम. कुंभाराकडची चाळलेली माती घ्या. शाडू नको, ती मूर्तीला ठीक, भट्टीला नाही. आधी भरीव दिवा घडवा, साधारण अकरा सेंटीमीटर लांब, चार उंच, सर्वांत रुंद जागेपासून वर-खाली निमुळता. कुठेही आत वळणारी खोबण ठेवू नका, साच्यातून सुटणार नाही. तो अर्ध्यापर्यंत मातीच्या गादीत रोवा, कडेला पुठ्ठ्याचं कुंपण घाला, गादीवर वाटाण्याएवढे दोन खळगे करा आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. घट्ट झालं की उलटं करा, गादी काढा, प्लास्टरला साबणाचं दाट पाणी दोनदा फासा आणि दुसरा भाग ओता. साबण विसरलात तर दोन भागांचा एकच दगड होतो, मी केलाय. त्या खळग्यांमुळे दोन्ही भाग नेमके एकमेकांवर बसतात. रोमन साच्यांनाही अशाच खुंट्या आणि खोबणी असत.

साचा चार-पाच दिवस वाळू द्या. मग मातीची भाकरी थापा, पाच मिलिमीटर जाडीची, दोन्ही भागांत बोटानं दाबून बसवा आणि काठ सपाट कापा. प्लास्टर पाणी ओढून घेतं, माती तासाभरात चामड्यासारखी होते. काठांना चरे पाडा, राबडी लावा, साचे एकमेकांवर दाबा. सुटून आल्यावर सांधा बोटानं पुसा. भोकं याच वेळी पाडायची, वाळल्यावर नाही. वातीचं करंगळीच्या टोकाएवढं, तेलाचं त्याहून लहान, चिरेचं सुईएवढं. वातीचं भोक तेलाच्या भोकापेक्षा किंचितच वर हवं. जास्त वर गेलं तर तेलाची पातळी पोचत नाही, खाली गेलं तर चोचीतून तेल गळतं.

सावलीत आठवडाभर, वर ओलसर फडकं टाकून वाळवा. मग ओळखीच्या कुंभाराला विचारा. दिवाळीआधी पणत्यांची भट्टी लागतेच, त्यात तुमचे चार दिवे मावतील. चारांतले दोन तडकतात, म्हणून चार.

खरेदीबद्दल थोडं

नक्कल घ्या, अस्सल घेऊ नका. इंटरनेटवर ‘पवित्र भूमीतला दोन हजार वर्षांपूर्वीचा दिवा’ अगदी स्वस्तात मिळतो. तो बहुधा एकतर बनावट असतो, नाहीतर कुणीतरी जमीन उकरून चोरलेला, आणि उकरलेल्या दिव्याबरोबर तो कुठल्या घरात, कुठल्या थरात होता ही माहिती कायमची जाते. भारतात १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. आजीची जुनी समई अमेरिकेला न्यायच्या विचारात असाल तर हे आधी तपासा.

मालवताना

फुंकर मारू नका. ऑलिव्हच्या तेलाचा विझता धूर खोलीभर उग्र पसरतो. दाभणानं वात तेलात मागे ओढली की ज्योत आपोआप बुडते. आपल्याकडे दिवा ‘विझवला’ म्हणणंही जिवावर येतं, ‘मालवला’ किंवा ‘शांत झाला’ म्हणतात. रोमन लोकही दिवा विझवत नसत, आपोआप विझू देत. असं का, यावर प्लुटार्क या ग्रीक लेखकानं एक अख्खा प्रश्न मांडलाय आणि बरीच उत्तरं दिली आहेत. अग्नी हा भाऊबंद आहे त्या न विझणाऱ्या अग्नीचा, म्हणून; किंवा तो जिवंत प्राण्यासारखा आहे, म्हणून. मला वाटतं रात्री उठून चकमक शोधायचा कंटाळा हेही एक कारण असेल, पण ते त्यानं दिलेलं नाही.

उरलेलं तेल गाळून ठेवता येतं, एक-दोनदाच. नंतर खवट वास येतो. दिव्याच्या अमावास्येला पितळी दिवे चिंच लावून घासतो तसा मातीचा दिवा घासू नका. साबण तर नकोच, तो मातीत मुरतो आणि पुढच्या वेळी वातीला फेस येतो. कोरड्या फडक्यानं पुसा, कागदावर उपडा ठेवा. चोचीवरचं काळं तसंच राहू द्या. संग्रहालयातही ते सांभाळतात, कारण भाजक्या मातीत मुरलेली तेलं शतकानुशतकं टिकतात आणि रसायनतज्ज्ञ त्यावरून दिव्यात काय जळत होतं ते सांगतात. इजिप्तच्या काही दिव्यांत तर हेरोडोटसला नकोसं झालेलं एरंडेलच निघालं.